देवधानाचं वर्ष

तालुक्याच्या कचेरीत इतर कामांबरोबर पाऊस मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. कचेरीमागच्या मोकळ्या जागेत तांब्याचं एक गोल भांडं जमिनीत बसवलेलं होतं. रोज सकाळी आठला त्यात साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, इंच आणि त्याचे शतांश वहीत लिहायचे आणि भांडं पुन्हा जागेवर ठेवायचं. या कामाचा एक नियम मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आला. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहायचं. पण काही कारणानं मोजायचंच राहून गेलं, तर शून्य लिहायचं नाही, आडवी रेघ ओढायची. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. रेघ म्हणजे पाहिलंच नाही. हा नियम मी कधी मोडला नाही. तो एक दिवस घरापर्यंत येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आम्ही आर्वीला राहायचो. शेती रोहण्याच्या बाजूच्या गावी, धाकटा भाऊ पाहायचा. आम्हाला मुलगी एकच. ती मॅट्रिक झाल्यावर मी तिला नागपूरच्या कॉलेजात घातलं. तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा माझा मेहुणा म्हणाला होता, "भाऊजी, पोरगी गवत शिकाले नागपूरले गेली म्हनतात. गवतच शिकाचं होतं तं आमच्या बांधावर पाठवाची होती, फी बी घेतली नसती."

गवत खरोखरच घरात शिरलं ते ऋषिपंचमीमुळे. ऋषिपंचमीच्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरानं पिकलेलं काही चालत नाही. म्हणून आमच्या गावच्या बायका सकाळी तळ्यावर आंघोळीला जात आणि येताना तिथलं आपोआप उगवलेलं वेचून आणत. केना, तरोटा, घोळ, चिवळ, पाण्यातली नाळीची भाजी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे देवधान. तळ्याच्या उथळ काठाला हे धान कोणी न पेरता यायचं. दाणा लांबट, तांबूस, टोकाला कुसळ. पिकलं की हात लागताच गळायचं, म्हणून बायका कणसाखाली सूप धरून ते झाडायच्या. त्याचा मूठभर भात झाला की माझ्या बायकोचा दिवस पुरा व्हायचा.

१९५२ साली मुलगी कॉलेजातून पहिल्यांदा सुट्टीवर आली ती नेमकी त्या दिवसांत. त्या सणाला आम्ही आर्वीहून गावी जायचो. ती आईबरोबर तळ्यावर गेली आणि आईच्या टोपल्यातल्या प्रत्येक भाजीचं एकेक झाड मुळासकट बाजूला काढून जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवायला लागली. माझी भावजय पाहत होती.

"काऊन वो बाई, नागपुरात गवत नाई भेटत का?"

"भेटते काकू, पन तिथं आई नाई भेटत."

घरी आल्यावर मी तिला विचारलं की हे कशासाठी. तिनं मलाच उलट विचारलं, "बाबा, तुमी रोज आठलेच काऊन मोजता?"

"आजचं कालच्याशी ताडून पाहता यावं म्हणून."

"मंग मी बी तेच करून राह्यली. दरसाल दिवस तोच, तळं तेच, बाई तीच."

"बाई कोणती?"

"आई! तिच्या हाताले जे लागते तेच घ्याचं. मी वेचलं तं मले आवडते तेच वेचीन. आईले काई आवडनिवड नाई, तिले फक्त भाजी पाह्यजे."

बायको चुलीपुढून म्हणाली, "आयका! एवढं शिकून मायले टोपलं करून टाकलं."

आम्ही तिघंही हसलो. तिचं म्हणणं मला पटलं होतं. चार-पाच वर्षांत फरक दिसणार नाही, वीस-पंचवीस वर्षांत दिसेल, असं ती म्हणायची. तिच्या कॉलेजात अशा वाळवलेल्या झाडांची कपाटं होती. एखादं झाड एखाद्या जागी कधी होतं आणि कधीपासून नाही, हे त्यांच्यावरून कळतं, हे मला तिच्याकडूनच समजलं.

वाळलेलं झाड ती जाड कागदावर दोऱ्यानं टाचायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर झाडाचं नाव, खाली "ऋषिपंचमी, गावचं तळं, आईसोबत" आणि मग स्वतःचं नाव. वर्ष लिहायची नाही. मी एकदा ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली की वर्ष गठ्ठ्यावर आहे. एका वर्षाचे सगळे कागद एका गठ्ठ्यात, आणि प्रत्येक गठ्ठा आईच्या जुन्या लुगड्याच्या वेगळ्या काठानं बांधलेला. हिरवा काठ पहिल्या वर्षाचा, मग तांबडा, मग जांभळा, मग काळा-पिवळा. बी. एस्सी. झाल्यावर सगळ्या चिठ्ठ्या नीट इंग्रजीत टाईप करून घेणार होती. गठ्ठे जागच्या जागी होते तोवर हे पुरेसं होतं.

चार ऋषिपंचम्या झाल्या. १९५६ च्या माघात ती विषमज्वरानं गेली. नागपूरहून तिला घरी आणलं होतं. त्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही.

त्यानंतर बायको बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. वैशाखात एक दिवस कचेरीतून घरी आलो तर अंगणात कागद पसरलेले, उडू नयेत म्हणून वर पाट ठेवलेले. ती मध्ये बसून एकेक कागद फडक्यानं पुसत होती. मला पाहून आपणहून बोलली, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"कसर लागली असती. सारं उनात टाकलं. आता पाहा, कसं लावून ठेवलं. केना केन्यात, तरोटा तरोट्यात, घोळ घोळीत. पोरीनं समदं मिसळून ठेवलं होतं."

जवळच्या दोरीवर चार काठ धुऊन वाळत घातले होते. हिरवा, तांबडा, जांभळा, काळा-पिवळा. मला सगळं कळलं. डाळी निवडून डब्यांत भरणाऱ्या बाईनं जसं नीट लावलं असतं तसंच तिनं ते लावलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं थोडं समाधान होतं. मी म्हणालो, "चांगलं केलंस," आणि हातपाय धुवायला गेलो.

दिवाळीनंतर मुलीच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. तिचा संग्रह कॉलेजला दिलात तर तो कॉलेजच्या कपाटात राहील, प्रत्येक कागदावर गोळा करणारी म्हणून तिचं नाव राहील, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे तिचं नाव तिथं राहीन?"

"कागद आहे तोवर राहील."

"किती दिस राहते कागद?"

"त्यांच्याकडे साठ-सत्तर वर्षांचे आहेत."

ती उठली आणि गठ्ठे बांधायला बसली. त्या दिवसापासून तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मुलीचं लग्न नाही, मूल नाही, नाव लागावं असं मागे काही नाही. हे कागद तिथे ठेवले गेले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं.

आर्वीहून छोटी गाडी, पुलगावला बदलून मोठी, असं करत आम्ही नागपूरला गेलो. सबंध प्रवासात गठ्ठा तिच्या मांडीवर होता. प्राध्यापक माझ्याच वयाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बायकोला बसायला खुर्ची दिली आणि आधी स्वतःचं कपाट उघडून दाखवलं. एका पिवळ्या पडलेल्या कागदावर पाणथळ जागेतलं बारीक झुडूप होतं. एका साहेबानं ते फार पूर्वी आपल्याच जिल्ह्यात धाम नदीजवळ उपटलं होतं. खाली तारीख होती.

"मी तिथे तीन वेळा जाऊन आलो," प्राध्यापक म्हणाले. "आता तिथे कापसाची पऱ्हाटी आहे. हा कागद नसता तर हे झाड तिथे कधी होतं हेसुद्धा कोणाला कळलं नसतं. तुमच्या मुलीला हे फार लवकर समजलं होतं, बाई."

मग त्यांनी आमचा गठ्ठा सोडला. एक कागद, दुसरा, तिसरा. "सुरेख दाबलंय," म्हणाले. मग चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "वर्ष कुठे आहे?"

मी बोलण्याआधी बायको म्हणाली, "ते गठ्ठ्यावर होतं. काठावर."

"कोणत्या गठ्ठ्यावर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या चळतीकडे, जिथे चार वर्षांचा केना एकावर एक रचलेला होता. मग पुन्हा माझ्याकडे. "तुमाले ठावूक होतं," ती म्हणाली. आणि चळतीवर हात ठेवून, "म्हंजे मीच केलं हे."

प्राध्यापकांनी तिला पाणी दिलं. वर्ष ठरवता आलं तर सगळे कागद ठेवून घेऊ, असं ते म्हणाले. केना आणि तरोटा त्यांच्याकडे पुष्कळ होता. हे कागद मोलाचे होते ते एकाच जागचे ओळीनं चार वर्षांचे म्हणून, आणि ती ओळच गेली होती. मी विचारलं, अंदाज चालेल का. ते म्हणाले, "अंदाज असेल तर तसं लिहा. पण ताडून पाहायला तो उपयोगी नाही. आणि जागेची आमच्याकडे अडचण आहे."

त्या हिवाळ्यात रोज कचेरीतून आल्यावर मी कागद घेऊन बसायचो. झाडं ज्या वर्तमानपत्रांत दाबली होती त्यांतच मुलीनं ते टाचलेले कागद गुंडाळले होते, बायकोनं त्या घड्या बहुतेक तशाच ठेवल्या होत्या, आणि वर्तमानपत्राला तारीख असते. त्या तारखेच्या आधी झाड त्यात जाऊ शकत नाही. यानं एक बाजू बंद होत होती, दुसरी उघडीच राहायची. १९५५ साली भाद्रपद अधिक आला होता, त्यामुळे ऋषिपंचमी फार उशिरा आली. त्या वर्षीचा तरोटा शेंगांवर आलेला असणार. उलट १९५२ ची पंचमी लवकर होती, तेव्हाची झाडं कोवळी असणार. माझे पावसाचे आकडे मला पाठ होते. कोणत्या वर्षी तळं लवकर भरलं आणि कोणत्या वर्षी उशिरा, हे त्यावरून सांगता येत होतं. असं दोन-तीन बाजूंनी जे जुळेल त्याच कागदाला मी वर्ष देत होतो.

बायको समोर बसून आठवायची. "हे जांभळ्या काठाचं. त्या साली जाऊचा पाय मुरगळला होता, मी एकटीनं नाळीची भाजी काढली." कधी तिचं बरोबर निघायचं. कधी ती खात्रीनं एक वर्ष सांगायची आणि कागदावरचं वर्तमानपत्र त्याच्या पुढच्या वर्षाचं निघायचं. असं दोनदा झाल्यावर तिचं सांगणं मी इतर पुराव्याशिवाय धरेनासा झालो.

निम्म्याहून थोड्या कमी कागदांचं वर्ष लागलं. उरलेल्यांत देवधानाचा एक होता. देवधानाचं कणीस बायको सहसा मुलीला देत नसे, भातालाच ते पुरत नसे. एकदाच दिलं होतं. कणीस भरलेलं होतं, दाणे पिकलेले, आणि ते गळू नयेत म्हणून मुलीनं त्याला पातळ मलमलीची पट्टी बांधलेली होती. वरचं वर्तमानपत्र १९५३ च्या पोळ्याच्या आसपासचं. म्हणजे १९५२ गेलं. १९५४ ची पंचमी लवकर होती, तेव्हा धान पिकलेलं नव्हतं. उरले १९५३ आणि १९५५. दोन्ही वर्षी पंचमी उशिरा, दोन्ही वर्षी तळं वेळेवर भरलेलं. मी आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. माझेच आकडे मला पुढे जाऊ देत नव्हते.

"पंचावन," बायको म्हणाली. "तिचा शेवटचा साल. मी म्हनलं, घे बाई, एवढी मागतेस तं घे."

"तसंच त्रेपन्नलाही म्हणाली असशील."

"लिहा ना पंचावन. कोन पाहाले येते?"

"मी पाहतो ना."

"बाकीच्यावरबी लिहा. थोडे हे, थोडे ते. मास्तर ठेवून घेतीन. तुमाले एवढं जड काऊन जाते?"

मी सांगितलं की पुढे कोणी ते तळं ताडून पाहील, तर माझ्या एका खोट्या आकड्यानं तिचं खरं कामही खोटं पडेल. ती ऐकून घेत होती असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "पाऊस तुमचा, आकडे तुमचे. पोरगी तुमची नोती का?"

मी देवधानाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं "१९५३ किंवा १९५५" लिहिलं आणि दिवा बारीक केला.

फाल्गुनात आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. वर्ष लागलेले कागद प्राध्यापकांनी आमच्यासमोर कपाटात ठेवले. देवधानाचा कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला. म्हणाले, हा किंवा-सकट ठेवतो, त्या भागातलं देवधान आमच्याकडे नाही. मी हो म्हणणार होतो. बायकोनं हात पुढे केला.

"बाकीचे वापस देता, मंग हा एकटा कायले? त्याच्या सोबतीचे जिथं, तिथंच तो."

त्यांनी आग्रह केला नाही.

त्याच उन्हाळ्यात गावात श्रमदान झालं. सगळं गाव कुदळी-फावडी घेऊन तळ्यात उतरलं. गाळ काढला, काठ सरळ कापले, पाळ उंच केली. माझा भाऊ पुढे होता. पाणी वाढलं हे खरं आहे. उन्हाळ्यात ढोरांना दोन कोस न्यावं लागायचं ते वाचलं. मी स्वतः एक रविवार माती वाहिली. उथळ काठ गेला तर देवधान कुठे उगवेल, हा विचार त्या दिवशी कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

त्या ऋषिपंचमीला बायको तळ्यावरून आली तेव्हा टोपल्यात तरोटा आणि थोडी घोळ होती. भावजय म्हणत होती, "आता पाहा बरं तळं कसं आरशावानी झालं. सारी घान गेली." बायकोनं त्या दिवशी भगर खाल्ली. रात्री म्हणाली, "चिखलात बी असन. पुढच्या साली येईन." मी म्हणालो, येईलही. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाशी आम्ही जाऊन पाहिलं. काठ भिंतीसारखे उभे होते आणि चिखलात कोंब नव्हता.

घरी आल्यावर तिनं संदूक उघडली आणि देवधानाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे पेरलं तं येईन का?"

"दाणा जुना आहे. मला नाही वाटत."

"पाहिल्याबिगर सांगता?"

मी कागद तिच्याकडे सरकवला. ज्या कागदासाठी ती माझ्याशी भांडली होती, त्यावरची मलमलीची पट्टी तिनं स्वतः सोडली. दाणे वाटीत झाडले. एकूण एक. मी ते मोजले, आकडा चिठ्ठीवर आहे. कणीस रिकामं झालं, पण दोऱ्याचे टाके तिनं हलू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गावी गेलो. पाणी जिथून तळ्यात शिरतं तिथे थोडी उतरती जागा राहिली होती. ती गुडघ्यापर्यंत चिखलात उतरली आणि एकेक दाणा बोटानं दाबत गेली. मी काठावर तिच्या वहाणा धरून उभा होतो.

१९५८ साली श्रावण अधिक होता, म्हणून ऋषिपंचमी उशिरा आली. देवधान उगवलं असतं तर त्या दिवशी पिकलेलं मिळालं असतं. तो बायकांचा दिवस, पण बायको म्हणाली, तुमीबी चला. इतर बायका आंघोळ करून परतेपर्यंत मी पाळीच्या पलीकडे थांबलो. मग आम्ही दोघं त्या उतरत्या जागेशी गेलो. पाणी स्वच्छ होतं. तळाची माती दिसत होती. तिनं लुगडं वर खोचून आत जाऊन पाहिलं, पाण्याखाली हात फिरवून पाहिला, आणि काठाकाठानं सबंध तळ्याला फेरी घातली. मी तिच्या मागे होतो. एक काडी मिळाली, ती लव्हाळ्याची निघाली.

फेरी पुरी झाल्यावर ती पाळीवर बसली. टोपलं रिकामंच होतं. ते मांडीवर घेऊन म्हणाली, "आता याचं काय लिहान? शून्य, का रेघ?"

पावसाचा नियम मी तिला कधी सांगितला नव्हता. मुलीनं सांगितला असणार.

"शून्य," मी म्हणालो. "आपण पाहिलं."

"मंग लिहा."

संध्याकाळी घरी तिनं कागद काढला. कागदावर पाच-सहा पानं, काडी आणि रिकामं कणीस होतं. मुलीच्या नावाखाली मी शाईनं लिहिलं: "या कागदावरचे सर्व दाणे आईने पावसाच्या तोंडाशी त्याच तळ्यात पेरले. ऋषिपंचमी, १९५८. त्याच दिवशी, त्याच तळ्यात देवधान शून्य." लिहिताना ती माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला वाचता येत नसे. वर्षाचा आकडा कुठे आहे ते तिनं विचारलं, मी बोट ठेवलं. तिनंही त्यावर बोट ठेवून पाहिलं.

"हे तरी पक्कं?"

"हे पक्कं."

तिनं शाई वाळू दिली. मग काळ्या-पिवळ्या काठानं नाही, कुठल्याच काठानं नाही, साध्या पांढऱ्या सुतळीनं तो कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधला आणि दाराजवळच्या खुंटीला माझ्या पिशवीशेजारी टांगला. मी विचारलं, कशासाठी.

"नागपूरले न्या," ती म्हणाली. "मास्तरले द्या. आता मी येत नाई."